फांदीवरचा पिंगळा, चिठ्ठीतला पिंगळा

हिवाळा, 1880 च्या दशकाची सुरुवात

तुमच्या पायाखाली सागाचे पान मोडते आणि आहात तिथेच तुम्ही थिजता. वाळलेले सागाचे पान पापडासारखे वाजते. या रानात चोरपावलांनी चालणे कुणालाच जमत नाही. दक्षिणेला तापीच्या खोऱ्यावर धुके आहे. उत्तरेला सातपुड्याची पहिली रांग उन्हात आली आहे. मागे शहादा गाव, गोमाई नदी, हरभऱ्याची शेते. पायात उंच बूट घालून आलात ते बरे केलेत, कारण कुसळांनी धोतरवाल्यांची दैना केली आहे.

इथे ‘नंदुरबार जिल्हा’ म्हणालात तर कुणाला कळणार नाही. हा सगळा अखंड खानदेश आहे. त्याचे पूर्व आणि पश्चिम असे भाग पडतील 1906 मध्ये. ताप्ती व्हॅली रेल्वे अजून आलेली नाही, त्यामुळे सुरतेकडचा माल बैलगाडीने येतो आणि साहेबलोक घोड्यावरून. आंब्याच्या झाडांखाली एका साहेबाचा तळ पडला आहे. नाव जेम्स डेव्हिडसन, मुलकी अधिकारी. दुपारी त्याच्यासमोर सारा, बांध आणि हद्दीचे कज्जे येतील. सकाळ मात्र तो पाखरांना देतो.

रानाच्या कडेला शेळ्या घेऊन आलेला म्हातारा तुम्हाला मान वर करून उभे पाहतो. “काय देखी राह्यनात भाऊ?” तुम्ही बोट दाखवता. पाने झडलेल्या झाडाच्या अगदी शेंड्याला, भर उन्हात, एक ठेंगणे घुबड बसले आहे. म्हातारा हसतो. घुबडासाठी कुणी मान दुखवून घेते का?

तुम्ही घ्या. नीट पाहा, कारण यानंतर शंभरहून जास्त वर्षे या पक्ष्याचे एकही खरे निरीक्षण नोंदले जाणार नाही. गावातल्या पिंपळाच्या ढोलीत असतो तो पिंगळा तुम्हाला माहीत आहे. त्याचे डोके पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले असते. हा रानपिंगळा. याचे डोके जवळजवळ कोरे, तपकिरी. छातीवर तपकिरी रंगाचा गडद पट्टा, खाली पोट पांढरे स्वच्छ. पाय पांढऱ्या पिसांनी गच्च झाकलेले. अंगाच्या मानाने डोके मोठे, चोच मोठी, नख्या तर फारच मोठ्या. मधेच तो शेपटी डावीउजवीकडे झटकतो. रात्रीच्या पाखराने सकाळी नऊ वाजता असे उघड्यावर मिरवावे, हे त्याचे वेगळेपण पुस्तकात यायचे आहे.

पुस्तकात आले आहे ते फक्त नाव आणि रूप. डिसेंबर 1872 मध्ये एफ. आर. ब्लेविट या अधिकाऱ्याला हा पक्षी इथून खूप दूर, छत्तीसगडच्या बाजूला मिळाला. 1873 मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमने त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि ब्लेविटचे नाव त्याला दिले. हाच ह्यूम पुढे 1885 मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेईल. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे पाडायचा. दुर्बिणीने पाहून केलेली नोंद कुणी मानत नाही.

बार होतो. सातभाईंचा थवा कलकलाट करत झुडपात घुसतो आणि शेळ्या बुजतात. तळावर परतल्यावर तुम्ही साहेबाच्या टेबलाशी उभे राहा, मधे पडू नका. पोटाकडून बारीक चीर, कातडे हलक्या हाताने सोडवणे, आतून आर्सेनिकचा साबण, मग कापूस भरून टाके. प्रत्येकाचा हात वेगळा असतो. कोण कापूस ठासून भरतो, कोण सैल; कोण मान ताठ करतो, कोण पंख अंगाशी बांधतो. डेव्हिडसनची ही धाटणी लक्षात ठेवा. पुढे तीच साक्षीदार होणार आहे.

शेवटी पायाला चिठ्ठी बांधली जाते. ठिकाण, तारीख, नर की मादी, कुणी मिळवला. खानदेशातले त्याचे हे नमुने बोटीने विलायतेला जातील आणि कपाटांच्या खणांत उताणे पडून राहतील. 1884 हे साल त्यातले शेवटचे.

पावसाळ्याचा शेवट, ऑक्टोबर 1914

आता तापीच्या पाण्याबरोबर खाली चला. खानदेश संपून सुरतेचा मुलूख लागतो, तिथे नदीकाठी मांडवी आहे. पाऊस सरला आहे, गवत छातीएवढे वाढले आहे, सागाची पाने अजून हिरवी आणि ताटाएवढी. कोतवाल पक्षी गवताच्या शेंड्यांवरून किडे टिपतो आहे. नीलपंख तारेवर नाही, कारण तारच नाही. निळे पंख उघडत तो वाळक्या खोडावर येऊन बसतो.

तुम्ही इथे एका माणसाची वाट पाहायची आहे. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन. त्याच्या संग्रहातल्या एका रानपिंगळ्याच्या पायाला चिठ्ठी आहे, तीवर हेच ठिकाण आणि हाच महिना आहे. तेव्हा तो बंदूक घेऊन इथे यायला हवा.

सकाळ जाते. कोळी जाळे सुकत घालतात. दुपारी बैलगाड्या उतारावरून पाण्यात शिरतात आणि पलीकडे निघतात. साहेब येत नाही. महायुद्धाला तोंड फुटले आहे. हिंदुस्थानातून आफ्रिकेला निघालेल्या फौजेत तो आहे, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला टांगाच्या लढाईत असेल. पाखरे मारायला तापीकाठी तो आलाच नाही.

मग ते पाखरू कुठले? ते कळायला तुम्हाला ऋतू सोडून एका बंद खोलीत, 1990 च्या दशकात जावे लागेल. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या पॅमेला रासमुसेन दक्षिण आशियाच्या पक्ष्यांवर ग्रंथ तयार करत आहेत. जगभरात रानपिंगळ्याचे जेमतेम सात नमुने, त्यांतला एक माइनर्ट्‌झहागनचा. त्याच्या इतर नमुन्यांबद्दल शंका आधीच उठल्या होत्या. ब्रिटिश म्युझियमच्या पक्षीदालनातून परवानगीशिवाय नमुने नेल्यामुळे एकेकाळी त्याला तिथे यायची बंदीही झाली होती. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो पिंगळा क्ष-किरणांखाली धरला. आतली भरणी उसवून दुसऱ्यांदा केलेली होती. पण कातड्याला पहिल्या हाताची खूण उरतेच. ती खूण होती डेव्हिडसनची. खानदेशच्या रानातल्या पिंगळ्याची चिठ्ठी कापून फेकली होती आणि मांडवीची नवी बांधली होती. हा शोधनिबंध 1999 मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

एका खोट्या चिठ्ठीने काय होते? चिठ्ठीच्या आधारे लोक वाट धरतात. 1884 नंतर तीस वर्षांनी पक्षी दिसला असे वाटल्याने त्याच्या नामशेष होण्याची काळजी लांबली, आणि तो जिथे कधी मिळालाच नव्हता ते ठिकाण नकाशावर चढले. 1970 च्या दशकात सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारखी माणसे या पक्ष्याच्या मागावर होती; हाती काही आले नाही. त्या हेलपाट्यांमधून तुम्हाला फिरवत नाही. जिथे पाखरू नाही तिथली पायपीट थोडक्यात आटोपलेली बरी.

हिवाळा, 25 नोव्हेंबर 1997

पुन्हा शहादा. कार्तिक वद्य पक्ष चालू आहे, दिवाळी होऊन तीन-चार आठवडे झाले आहेत. अस्तंभ्याची यात्रा करून आलेले लोक कामाला लागले आहेत. उसाच्या बैलगाड्या रस्ता अडवतात. नंदुरबारकडे उघड्या माळांवर मिरच्यांचा लाल गालिचा पसरला आहे, वारा आला की डोळे चुरचुरतात. हा अजून धुळे जिल्हा आहे. नंदुरबार वेगळा होईल पुढच्या वर्षी 1 जुलैला. म्हणजे जिल्ह्याचा सर्वांत प्रसिद्ध पक्षी जिल्ह्याच्या जन्माआधी सात महिने सापडणार आहे.

तुम्ही तिघा अमेरिकनांच्या मागून चालत आहात. पॅमेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट. त्यांनी मांडवी नकाशावरून पुसून टाकली आहे आणि फक्त खऱ्या चिठ्ठ्यांच्या गावांना जायचे ठरवले आहे. आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणे धुंडाळून झाली. तिथे जंगल उरलेले नाही, किंवा उरले तिथे पक्षी नाही. शेवटी डेव्हिडसनचा मुलूख राहिला.

सपाटीवर तुम्हालाही निराशाच वाटते. 1880 च्या आसपास जिथे साग उभा होता तिथे आता केळी, ऊस, पपई. रान डोंगराच्या पायथ्याशी सरकून बसले आहे, तेही विरळ. मधूनमधून कुऱ्हाड लागलेली खोडे, गुरांच्या पायवाटा, मोळी घेऊन उतरणाऱ्या बाया. असल्या रानात शंभर वर्षे हरवलेले काही मिळेल असे वाटत नाही. पण ऋतू तुमच्या बाजूचा आहे. साग पाने टाकू लागला आहे आणि फांद्या उघड्या पडत आहेत. पावसाळ्यात हाच पक्षी दहा हातांवर असता तरी दिसला नसता.

ऊन चढू लागते. तांबट टुकटुकतो, हळद्या पिवळी रेघ ओढून जातो, सुतार पक्षी खोडावर हातोडी चालवतो. आणि किंग थांबतो. उघड्या झाडावर एक पिंगळा बसला आहे, तुमच्याकडे पाठ करून.

इथे घाई करू नका. साधा पिंगळाही इथे आहे आणि तोही दिवसा दिसतो. एवढ्यावरून फसलेले पुष्कळ आहेत. रासमुसेन दुर्बीण लावतात. डोक्यावर ठिपके? नाहीत. पाठीवर? जवळजवळ नाहीत. पक्षी वळतो. छातीवर गडद पट्टा, पोट पांढरे, पायांवर पिसांची गच्च तुमान. या बाईंनी कपाटांतले ते थोडके नमुने इतक्या वेळा हातात घेतले आहेत की जिवंत पक्षी पाहताना त्यांना पुस्तक उघडावे लागत नाही. कॅमेरा फिरू लागतो. 113 वर्षांनंतर या पक्ष्याची पहिली खरी नोंद होते आहे, आणि या वेळी कुणी बंदूक उचललेली नाही.

मोळीवाल्या बाया वाटेवर थबकून या माणसांकडे पाहतात. त्यांच्या आज्या-पणज्यांच्या डोक्यावरच्या फांद्यांवर हे घुबड बसतच आले आहे. त्यांना कुणी विचारले नव्हते, एवढेच.

उन्हाळ्याचे तोंड, होळी 1999

पळस पेटला आहे. पानाचा मागमूस नाही, नुसती केशरी फुले, आणि त्यांवर भोरड्यांचे थवे. गुलाबी अंगाच्या या साळुंक्या पूर्व युरोप आणि मध्य आशियाच्या गवताळ मुलखातून हिवाळा काढायला इथे येतात आणि आता परतीच्या तयारीत आहेत. पहाटे मोहाच्या झाडाखाली फुले टपटपतात. बाया-पोरे टोपल्या घेऊन अंधारातच आली आहेत. वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. तो धूर दरीत साचून राहतो.

एक रात्र पाखरांना सुट्टी द्या आणि अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीला चला. काठी हे जुन्या मेवासी संस्थानांपैकी एक. भिल्ल राजांच्या या लहान जहागिऱ्या गेल्या, पण तळोद्याच्या वनविभागाला आजही मेवासी वनविभागच म्हणतात. इथली राजवाडी होळी पहाटे पेटते. रात्रभर ढोल. अंगावर राखेची नक्षी, कमरेला घुंगरू आणि दुधी भोपळे, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप घातलेले बुध्ये आणि बावे नाचत असतात. पिसांचे एवढे वैभव तुम्हाला कुठल्याच संग्रहालयात दिसणार नाही.

दुसऱ्या दिवशी शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळचा घाट चढा. वर सुमारे 1,150 मीटर उंचीवर पठार, यशवंत तलाव, गोरखनाथाचे मंदिर. शिवरात्रीची जत्रा नुकतीच उठली आहे. रासमुसेन यांच्या शोधानंतर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने अभ्यास हाती घेतला. फराह इश्तियाक आणि असद रहमानी रानपिंगळ्यासाठी जंगले पिंजत आहेत. उत्तर महाराष्ट्र आणि लगतच्या मध्य प्रदेशात चार ठिकाणी मिळून पंचवीसच्या आसपास पक्षी त्यांच्या नोंदीत येतील. तोरणमाळ त्यांतलेच एक.

एका साळईच्या ढोलीपासून लांब, झुडपाच्या सावलीत बसा. उन्हाच्या झळा लागतात. मादी आत आहे. नर सरड्याला नख्यांत धरून येतो, आता त्या नख्यांचा आकार तुम्हाला पटतो. तो मृदू, दोन अक्षरी हाक देतो, मादी बाहेर येऊन घास घेते. ऑक्टोबर ते मे हा यांचा विणीचा काळ. संसार गोजिरवाणा आहे असे मात्र समजू नका. नराने स्वतःचेच पिल्लू खाल्ल्याची नोंदही याच अभ्यासकांनी केली आहे.

आणि माणसाचे भय आहेच. घुबडाच्या अंगाचे अवयव आणि अंडी जादूटोण्यासाठी नेणारे इथेही आहेत, देशभर आहेत. दुसरे भय संथ आहे. ढोली पडायला झाड म्हातारे व्हावे लागते, आणि म्हातारे झाड सरपणाला आधी जाते.

पावसाळा, यंदाचा

आता तुमच्या स्वतःच्या सालात या. आषाढ सुरू आहे. राणीपूरपासून डोंगर हिरवेगार, घाटात ढग उतरलेले, सीताखाईत धबधब्याचा आवाज. उतारांवर मका आणि ज्वारी. कुडाच्या घरांतून चुलीचा धूर निघतो; उन्हाळ्यात खडकांवर वाळवलेला आमचूर विकून बी-बियाणे आलेले. पावशा आणि कोकीळ एकमेकांवर ताण करतात. शेतालगतच्या झुडपात नवरंग दोन सुरांची शीळ घालतो आणि दिसत नाही. स्वर्गीय नर्तक पांढरी फीत फडकवत नाल्यावरून जातो.

रानपिंगळा दिसणार नाही. सागाने पाने पसरली आहेत. म्हणून पावसाळ्यातली फेरी कानांची असते. चालणे कमी, उभे राहणे जास्त. हाक ऐकू आली तर वेळ लिहा, हवा लिहा, झाडे कोणती ते लिहा. हाक आली नाही तर तेही लिहा. दोन तास उभे राहून काही न ऐकल्याची नोंदसुद्धा कामाची असते, कारण पुढच्या वर्षी तिच्याशी ताडून पाहता येते.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चित्र बदलले आहे. मेळघाटात हा पक्षी चांगल्या संख्येने सापडला. 2014 मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात तो दिसला, जिथे कुणाच्या स्वप्नातही नव्हता. 2018 मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून एक पायरी खाली, ‘संकटग्रस्त’ यादीत आणले गेले. बातमी चांगली आहे, पण तिचा अर्थ असा नाही की शहाद्याच्या पायथ्याचे रान वाढले. माणसे ज्या रानांत पोहोचली नव्हती तिथे पोहोचली आणि पाहू लागली, हा तिचा मोठा भाग आहे.

पुढच्या हिवाळ्यात तुम्ही परत याल. पाने झडलेली असतील, एखाद्या उघड्या शेंड्यावर ठेंगणे घुबड बसलेले असेल, तुमच्या हातात मोबाईल असेल. तेव्हा दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतील. डेव्हिडसनने ठिकाण खरे लिहिले म्हणून हा पक्षी परत मिळाला; माइनर्ट्‌झहागनने खोटे लिहिले म्हणून वाट चुकली. त्यामुळे ठिकाण खरे आणि पूर्ण लिहिणे हे तुमचे पहिले काम. पण तेच ठिकाण फोटोसह सगळ्यांसमोर टाकलेत, तर आठवड्याभरात त्या ढोलीखाली गाड्या उभ्या राहतील, कुणी मोबाईलवर नराची हाक वाजवेल, आणि घास घेऊन आलेला नर ढोलीकडे यायचा थांबेल. अंडी नेणाऱ्यालाही तोच पत्ता मिळेल.

यावर तोडगा साधा आहे, आणि थोडी हौस मारणारा. पूर्ण चिठ्ठी वनखात्याला आणि अभ्यासकांना द्या, ढोलीच्या झाडापर्यंतची. बाकी जगाला ‘सातपुडा, नंदुरबार जिल्हा’ एवढेच सांगा. आणि त्या रानात रोज मोळी घेऊन उतरणाऱ्या बाईला फोटो दाखवून विचारा की हे घुबड तिने कुठे, केव्हा पाहिले. तिचे उत्तर तारखेसह त्याच चिठ्ठीत लिहा, आणि ते कुणी सांगितले तेही.